झाकणाखालचे मिलिमीटर

पुण्यात आळंदी रोडला फुलेनगरच्या आरटीओ ऑफिसाभोवती जे जग वसलंय, त्यात ड्रायव्हिंग स्कूलच्या गाड्या, फॉर्म भरून देणारे टेबलवाले आणि पीयूसीच्या व्हॅन हे तीन घटक कायमचे. तिथून विश्रांतवाडीच्या चौकाकडे आणि पुढे धानोरीकडे निघालं, की दोन्ही बाजूंना गॅरेजं लागतात. बहुतेकांच्या पाटीवर आता ‘स्कॅनिंग’ हा शब्द असतो. डॅशबोर्डखालच्या सॉकेटमध्ये यंत्र जोडायचं, एरर कोड वाचायचा, सेन्सर बदलायचा. काम स्वच्छ आहे आणि पैसेही बरे मिळतात.

१९७१ ची फियाट ११०० या गॅरेजांपुढे उभी राहिली, की पंचाईत होते. हिला स्कॅनर जोडायला सॉकेटच नाही. बोनेट उघडलं की वर एअर फिल्टरचा डबा आणि त्याखाली नारळाएवढा राखाडी धातूचा कार्बोरेटर. पंचविशीतला मेकॅनिक त्याच्याकडे बघतो, बाहेरचे दोन स्क्रू थोडे पिळतो, रेस देऊन पाहतो आणि म्हणतो, “काका, कार्बोरेटरच बदला.” बदलायचा तर नवा आणायचा कुठून, याचं उत्तर त्याच्याकडे नसतं.

ज्या फियाटची ही गोष्ट आहे, तिचे मालक खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीतून निवृत्त झालेले. गाडी वडिलांची. तक्रार अशी की बंद काचांतसुद्धा पेट्रोलचा वास येतो, प्लग काढावा तर काळाकुट्ट, ॲव्हरेज लिटरला आठ किलोमीटरच्या आत, आणि गरम झालेली गाडी बंद केली की परत सुरू व्हायला नखरे करते. मागच्या वर्षी एका ठिकाणी ‘किट’ टाकून झालं होतं. किट म्हणजे नवी पॅकिंग, नवी नीडल, नवे वायसर. त्यानंतर त्रास वाढलाच.

विश्रांतवाडीतल्या ज्या मिस्त्रींकडे ही गाडी शेवटी आली, ते साठीच्या पुढचे आहेत. शेडमध्ये एकावेळी दोन गाड्या कशाबशा मावतात. त्यांनी बाहेरच्या स्क्रूंना हात लावला नाही. गाडी सपाट जागेवर आहे ना, एवढं बोनेटवर छोटी लेव्हलची नळी ठेवून बघितलं, इंजिन चांगलं पाच मिनिटं चालवलं, बंद केलं आणि गाडी न हलवता कार्बोरेटरचं वरचं झाकण खोललं. मग व्हर्नियरची मागची पट्टी वाटीत उतरवली. वरच्या कडेपासून पेट्रोल किती खाली उभं आहे, हे त्यांना बघायचं होतं.

“काका, पेट्रोल पार वर आलंय. बाहेरचा स्क्रू जन्मभर फिरवला असता तरी हे जागेवर आलं नसतं.”

हा लेख त्या वाटीतल्या पातळीबद्दल आहे.

घराच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीतला बॉलकॉक ज्याला कळतो, त्याला कार्बोरेटरचा फ्लोट कळायला अडचण नाही. पंप पेट्रोल पाठवतो, ते वाटीत साठतं, फ्लोट वर येतो, त्याचा दांडा नीडलला सीटवर दाबतो आणि वाट बंद होते. इंजिनानं पेट्रोल ओढलं की फ्लोट खाली, वाट पुन्हा उघडी. पण टाकी दोन इंच कमी भरली तर घरात कुणाचं बिघडत नाही. इथे दोन मिलिमीटरनं बिघडतं, कारण ही वाटी नुसती साठवणीची नाही. मुख्य नोझलचं तोंड वाटीतल्या पातळीच्या किंचित वर असतं. हवा गळ्यातून जोरात जाते, तिथला दाब उतरतो आणि त्या उतरलेल्या दाबाला पेट्रोल तेवढं किंचित अंतर वर उचलावं लागतं. ते अंतर ठरलेलं धरूनच जेटची भोकं पाडलेली असतात. पातळी वर गेली की कमी हवेतही पेट्रोल ओघळायला लागतं, आणि पातळी पार नोझलपर्यंत चढली तर बंद इंजिनातही ठिबकत राहतं. हे जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली उतरतं, ऑइल पातळ करतं आणि मग बेअरिंगं बोलायला लागतात. पातळी खाली गेली तर उलट दुखणं: रेस दिल्यावर गाडी क्षणभर गप्प होते, कार्बोरेटरमधून शिंकते, आणि घाटात ऐन चढाला तिला पेट्रोल पुरत नाही.

म्हणून कार्बोरेटरच्या कामात फ्लोटची पातळी पहिली आणि बाकी सगळं नंतर. मिक्श्चरचा स्क्रू, स्लो रेसचा स्क्रू, जेटचे नंबर ही सगळी मापं त्या पातळीपासून मोजलेली. आधी स्क्रू फिरवणारा माणूस गाडीची चूक दुसऱ्या चुकीनं झाकत असतो, आणि अशा झाकलेल्या चुका दहा-पंधरा वर्षांत एवढ्या साचतात की गाडीला कुणी हात लावायलाच धजत नाही. फियाटच्या बाबतीत नेमकं तेच झालं होतं.

ही कल्पना मोटारगाडीएवढीच जुनी आहे. कार्ल बेंझच्या १८८६ च्या गाडीत पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा नेऊन तिला वाफ चिकटू द्यायची, अशी व्यवस्था होती. १८९३ च्या सुमारास विल्हेल्म मायबाखनं जर्मनीत, आणि बुडापेस्टमध्ये डोनाट बांकी व यानोश चोंका यांनी, फवारा मारणारा कार्बोरेटर केला. त्यात पातळी राखायला फ्लोट आला तो कायमचा. पुढे इंग्लंडात स्किनर बंधूंनी एसयू काढला. त्यांचं घराणं बुटांच्या धंद्यातलं, आणि त्यांच्या सुरुवातीच्या कार्बोरेटरात कातड्याचा भाता होता. फ्रान्सात सोलेक्स, इटलीत वेबर, अमेरिकेत कार्टर. हवा मोजायच्या प्रत्येकाच्या तऱ्हा निराळ्या, पण वाटी आणि फ्लोट सगळ्यांकडे.

आपल्याकडे फियाट आली ती सोलापूरच्या वालचंद हिराचंदांमुळे. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली, कुर्ल्याला कारखाना उभा राहिला. आधी डॉज आणि प्लिमथ, मग १९५४ पासून फियाट ११००. त्याच १०८९ सीसीच्या इंजिनाची गाडी १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ म्हणून ओळखली गेली, आणि मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपात तिनं २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत तग धरला. या गाड्यांवरचे सोलेक्स मद्रासच्या कार्ब्युरेटर्स लिमिटेडनं परवान्यावर केलेले. त्यामुळे नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानात, नाहीतर बुधवारी-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात, अजूनही एखादा अर्धवट सोलेक्स हाताला लागतो. झाकण एकाचं, वाटी दुसऱ्याची, असा.

आता पुन्हा शेडमध्ये. सोलेक्सच्या फ्लोटला वाकवायची पट्टी नसते. नीडल-व्हॉल्व्ह झाकणाच्या पोटात आट्यांनी बसतो आणि त्याच्या बुडाशी तांब्याचा किंवा फायबरचा वायसर असतो. पातळी ठरते ती या वायसरच्या जाडीवर. वायसर जाड, तर व्हॉल्व्ह खाली येतो, फ्लोट लवकर टेकतो आणि पेट्रोल खालीच थांबतं. वायसर पातळ, तर पातळी चढते. सोलेक्सच्या कामात अर्धा, पाऊण, एक, दीड मिलिमीटर अशा जाडीचे वायसर लागतात. मिस्त्रींनी ते होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या जुन्या डब्यांत वेगवेगळे भरून ठेवलेत. मागच्या वर्षीच्या किटमध्ये जो वायसर आला होता, तो डोळे झाकून बसवला गेला होता. मूळच्यापेक्षा तो पातळ निघाला.

पण वायसर बदलून मिस्त्री थांबले नाहीत. त्यांनी फ्लोट उचलून कानाशी हलवला, मग माझ्या हातात दिला. आत काहीतरी खळखळत होतं.

पितळेचा फ्लोट म्हणजे पत्र्याच्या दोन वाट्या डाग देऊन जोडलेल्या. पन्नास वर्षांत कुठेतरी केसाएवढी चीर पडते, आत पेट्रोल शिरतं, फ्लोट जड होतो आणि जड फ्लोट खोल बुडून राहतो. म्हणजे पातळी आपोआप वर. वायसर कितीही अचूक घातला तरी असा फ्लोट ते माप दर आठवड्याला थोडं थोडं खोटं पाडत जाणार. मिस्त्रींनी पातेल्यात कढत पाणी घेतलं, स्टोव्ह बंद करून शेडच्या बाहेर ठेवला, आणि चिमट्यानं फ्लोट पाण्यात दाबून धरला. आतली हवा गरम होऊन फुगते आणि चिरेतून बाहेर पडते. सांध्यालगत बुडबुड्यांची एक बारीक माळ सुटली. खिळ्याच्या टोकानं तिथे खूण केली गेली.

पुढचा भाग घाईचा नाही. आत पेट्रोलची वाफ असलेल्या फ्लोटला तापलेली कहिया लावणं म्हणजे हातात फटाका धरणं. आधी खुणेच्या जागी टाचणीएवढं भोक पाडून आतलं पेट्रोल पूर्ण निथळू दिलं, मग फ्लोट परत गरम पाण्यात, परत कोरडा, असं वासही येईनासा होईपर्यंत. चिरेला आधी डाग, भोकाला सगळ्यात शेवटी. कारण उलट केलं तर कहियेच्या उष्णतेनं आतली हवा फुगते आणि ओला डाग बाहेर उडवते. शेवटचा थेंब लावताना फ्लोटला ओलं फडकं गुंडाळलेलं होतं. आणि डाग देऊन झाल्यावर त्यांनी जे केलं, ते मी दुसऱ्या कुठल्याही गॅरेजात पाहिलेलं नाही: सोनाराकडे असतो तसा छोटा इलेक्ट्रिक काटा काढून फ्लोट तोलला, कानशीनं जादा डाग खरवडला, पुन्हा तोलला. डाग जास्त झाला तर फ्लोट पुन्हा जडच, मग एवढा खटाटोप केला कशाला?

नीडलची तपासणी त्या मानानं सोपी. टोकावर झिजेची गोल रेघ उमटली आहे का, ते भिंगातून बघायचं, आणि झाकण उलटं धरून पेट्रोलच्या नळीत तोंडानं हवा फुंकायची. नीडल स्वतःच्या वजनानं बसली असताना हवा गेली नाही पाहिजे. फुंकर पास झाली तरी एक प्रश्न उरतो, पंपाचा. जुन्या गाड्यांचा इंजिनावर चालणारा पंप जेमतेम तीन-चार पीएसआयचा. हल्ली तो बिघडला की लोक बाजारातला इलेक्ट्रिक पंप लावतात. त्याचा दाब जास्त असला, तर तो फ्लोटला न जुमानता नीडल सीटवरून उचलतो. मग दोष फ्लोटचा दिसतो आणि असतो पंपाचा. या फियाटचा पंप मूळचाच होता.

त्याच दिवशी शेडच्या कोपऱ्यात एक विलीज जीप होती, युद्धकाळातली. तिच्यावर कार्टरचा कार्बोरेटर. त्याची रीत निराळी. झाकण उलटं करायचं, फ्लोट आपल्या वजनानं नीडलवर टेकू द्यायचा आणि झाकणापासून फ्लोटपर्यंतची फट मोजायची: ३/८ इंच. कमी-जास्त असेल तर नीडलला टेकणारी छोटी जीभ नोज प्लायरनं वाकवायची. जुन्या ॲम्बॅसिडरवर एसयू असे. त्याच्या नायलॉनच्या फ्लोटला झाकण उलटं धरून १/८ ते ३/१६ इंच. इथे एक खोड सगळेच करतात, ती म्हणजे नीडल सीटवर असतानाच फ्लोट दाबून जीभ वाकवायची. त्यात नीडलचं टोक दबतं आणि नवी नीडल पहिल्याच दिवशी गळायला लागते. शिकाऊ पोरानं तेच करायला घेतलं तेव्हा मिस्त्रींनी त्याच्या हातातून प्लायर काढून घेतला. ते बोलले मात्र काही नाहीत.

वाटी नोझलच्या कुठल्या बाजूला आहे, यालाही महत्त्व आहे. ती पुढच्या बाजूला असेल तर चढावर गाडीचं नाक वर होतं, वाटी उचलली जाते आणि नोझलपाशी पेट्रोल चढतं. मागच्या बाजूला असेल तर तोच चढ गाडीला उपाशी ठेवतो. दिवे घाटात किंवा खंबाटकीत जुन्या गाड्या का रडतात, याचं निम्मं उत्तर इथे आहे. उरलेलं निम्मं उष्णतेचं, ज्यासाठी एकेकाळी प्रत्येक ड्रायव्हर पंपावर ओलं फडकं टाकायचा.

वायसर बदलला, फ्लोट परत बसला, गाडी सुरू करून पुन्हा बंद केली, झाकण पुन्हा उघडलं. पेट्रोल पुस्तकातल्या मापावर आलं होतं. काकांनी विचारलं, “मग आता झालं?”

“पातळीचं झालं, काका. पेट्रोलचं राहिलं.”

यातून जो वाद सुरू झाला, तो सध्या जुन्या गाड्या पाळणाऱ्या प्रत्येक घरात चालू असणार. कारखान्याच्या पुस्तकातलं माप खरं, पण ते त्या काळच्या पेट्रोलसाठी लिहिलेलं. पेट्रोल मधल्या काळात बदलत आलं. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसं गेलं. मग इथेनॉल आलं, आणि त्याची पहिली चाचणी आपल्याच दारात झाली: २००१ मध्ये मिरज, मनमाड आणि उत्तर प्रदेशात बरेलीला. २००३ मध्ये काही राज्यांत पाच टक्के, आणि आता पंपावर वीस टक्के. हे इथेनॉल मुख्यतः उसाचं नि धान्याचं. ते करणारे प्रकल्प उभारणारी प्राज इंडस्ट्रीज पुण्याची, साखरेवर संशोधन करणारी वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट मांजरीची. शेतकऱ्याला त्यातून पैसे मिळतात आणि तेलाची आयात घटते, त्याबद्दल कुरकुर करायचं कारण नाही. पण १९७१ च्या कार्बोरेटरला यातलं काही माहीत नाही.

शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलच्या एका भागाला नऊच. वीस टक्के मिश्रणात हा आकडा साडेतेराच्या आसपास येतो. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर ते ओळखतो आणि पेट्रोल वाढवतो. कार्बोरेटरचं भोक जेवढं पाडलंय तेवढंच. म्हणजे तीच गाडी न हात लावता सुमारे आठ-नऊ टक्क्यांनी पेट्रोलला कमी पडते, अधिक गरम होते आणि रेस देताना अडखळते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानंही जुन्या धाटणीच्या चारचाकींचं ॲव्हरेज सहा-सात टक्क्यांनी घटेल असं म्हटलं होतं.

काकांनी कुठेतरी ऐकलं होतं की यावर उपाय म्हणजे फ्लोट थोडा चढवायचा. तसा सल्ला देणारे मेकॅनिक आहेतही. इथेनॉल पेट्रोलपेक्षा किंचित जड. त्यामुळे फ्लोट किंचित वर तरंगतो आणि पातळी एखाद्या मिलिमीटरच्या छोट्या हिश्शानं उतरते, हेही खरं. पण मिस्त्री ठाम होते, आणि मला त्यांचंच पटतं. पातळी चढवली तर कमी रेसला गाडी जाड मिश्रण खाईल, जास्त रेसला फरक थोडाच पडेल, आणि वळणावर, ब्रेक मारल्यावर, घाटात पेट्रोल सांडेल ते वेगळंच. ज्या आजारासाठी गाडी इथे आली, तोच पुन्हा घेऊन जाणार. कमतरता भोकाची असेल तर भोक मोठं करायचं. सोलेक्सच्या मुख्य जेटवरचा नंबर म्हणजे साधारणपणे मिलिमीटरचे शंभरावे भाग. समजा १२० चा जेट काढून १२५ चा घातला. व्यास चार टक्क्यांनी वाढला, पण भोकाचं क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी. हवी होती तेवढीच वाढ, तीही योग्य ठिकाणी. मिस्त्रींनी हा हिशेब कागदावर मांडला नव्हता. दोन-तीन जेट बदलून, प्लग काढून, रंग बघून ते तिथेच पोचले होते.

इथेनॉलचे बाकीचे उद्योग जास्त चिवट आहेत. ते हवेतलं पाणी ओढून घेतं. महिन्याभरात एकदा बाहेर पडणाऱ्या गाडीच्या वाटीत तळाला पाणी बसतं आणि जस्ताच्या मिश्रधातूवर पांढरी बुरशी आल्यासारखा थर येतो. तो निघून जेटमध्ये अडकतो. पंपाचा जुना पडदा फुगतो, रबरी पाइप आतून सुटतो. १९२० ते ३० च्या दशकांतल्या काही अमेरिकन गाड्यांचे फ्लोट तर बुचाचे होते, त्यावर लाखेच्या रोगणाचा हात. लाख स्पिरिटात विरघळते हे कुठल्याही सुताराला ठाऊक असतं. तो हात इथेनॉलनं धुऊन निघाला की बूच पेट्रोल पितं आणि फ्लोट बुडतो. अशा गाड्यांच्या मालकांनी पातळी मोजत बसण्यापेक्षा फ्लोटच बदललेला बरा.

आता गाडी पन्नास वर्षांच्या पुढे गेलीय, तेव्हा २०२१ च्या नियमांनुसार काकांना तिची ‘व्हिंटेज’ नोंदणी करता येईल. नव्यानं नोंदल्या जाणाऱ्या गाडीच्या नंबरात ‘व्हीए’ येतो, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, पुढच्या फेरनोंदणीला पाच हजार, मुदत दहा वर्षं. अट एक मोठी: गाडी मूळ रूपात हवी. तसं पाहिलं तर या नियमामुळे वाटीतली पातळी नीट करणाऱ्या माणसाची गरज कागदोपत्रीही वाढली आहे, कारण कार्बोरेटर फेकून दुसरं काही लावणं हा मार्ग अशा मालकाला उरत नाही.

१२५ चा जेट त्याच दिवशी मिळाला नाही. दोन दिवसांनी नाना पेठेतून आला, बसला, आणि मगच मिस्त्रींनी पहिल्यांदा मिक्श्चरच्या स्क्रूला हात लावला. धानोरीवरून लोहगावच्या दिशेनं एक फेरी झाली. परत आल्यावर काढलेले प्लग बिस्किटाच्या रंगाकडे झुकले होते. आरटीओजवळच्या व्हॅनमध्ये पीयूसी काढली. या वयाच्या गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा तीन टक्के, आकडा तिच्या बऱ्याच खाली आला. व्हॅनवाल्या मुलानं जुना कागद बघून विचारलं, “काका, इंजिन बदललं काय?”

काका पुढच्या महिन्यात गाडी महाबळेश्वरला न्यायचं म्हणत होते. मिस्त्रींनी आधी पंपापासून कार्बोरेटरपर्यंतचा पाइप बदलायला सांगितला, इथेनॉलला चालणारा, आणि गाडी आठवड्यातून एकदा तरी चालवायला. तो पाइप गॅरेजात नव्हता. काकांनी त्याचा व्यास खिशातल्या पीयूसीच्या मागे लिहून घेतला.